प्रशिक्षणासाठी देणगी मिळते आहे, ती माणसांवर खर्चावी की पदांवर?

वैनगंगाकाठ

नमस्कार. मी विदर्भातील एका आदिवासीबहुल जिल्ह्यातल्या तरुण विद्यापीठात सहायक प्राध्यापक आहे. एका उद्योगसमूहाने आपल्या सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून आमच्या अध्यापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या क्षमतावृद्धीसाठी तीन वर्षे पैसे देण्याची तयारी दाखवली आहे. त्याच्या प्रस्तावाचा मसुदा करण्याचे काम आम्हा तिघांच्या समितीकडे आले असून महिनाअखेरीस तो व्यवस्थापन परिषदेपुढे जाणार आहे.

देणगीदारांनी सोबत एक नमुना पाठवला आहे. त्यात वर्षाला किती कार्यशाळा होणार, किती जण प्रशिक्षित होणार, बाहेरून कोणती संस्था येऊन शिकवणार आणि अभिप्राय-अर्ज कसे गोळा करणार, एवढेच रकाने आहेत. हा नमुना भरून देणे अवघड नाही, आणि दोनशे जणांना पाच-पाच दिवस बसवले की तो आकड्यांनी छान भरेलही. पण गेल्या नऊ वर्षांत मी स्वतः अशी अकरा प्रशिक्षणे घेतली आहेत. त्यांची प्रमाणपत्रे कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाइलला लागली, हे खरे आहे, आणि त्यांपैकी दोन प्रशिक्षणांनी माझे शिकवणे खरोखर बदलले, हेही खरे आहे. तरीही विभाग म्हणून आम्ही त्यामुळे पुढे सरकलो, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

आमच्या विभागाच्या आकृतिबंधात चार पदे मंजूर आहेत, त्यांपैकी दोन भरलेली आहेत आणि उरलेला कार्यभार तासिका तत्त्वावरचे सहकारी उचलतात. मी उजळणी वर्गाला गेले होते तेव्हा माझे दोन पेपर कोणी शिकवले नाहीत, कारण शिकवायला कोणी नव्हते. पहाटेच्या एसटीने तीस-चाळीस किलोमीटरवरून आलेली मुले फळ्यावरची सूचना वाचून परतीच्या गाडीची वाट पाहत थांब्यावर बसून राहत, असे मला नंतर कळले. दुसरी गोष्ट अशी की, नमुन्यात प्रशिक्षणार्थीच्या नावापुढे ‘नियुक्तीचा प्रकार’ असा रकाना आहे आणि त्यात फक्त ‘कायम’ आणि ‘परिविक्षाधीन’ हे दोनच पर्याय आहेत. आमच्याकडे निम्म्याहून अधिक तास घेणारी माणसे या दोन्हींत बसत नाहीत. म्हणजे जे सर्वाधिक शिकवतात त्यांनाच शिकता येणार नाही.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. अशाच परिस्थितीतल्या, म्हणजे साधनांनी, माणसांनी आणि इतिहासाने मागे ठेवलेल्या विद्यापीठांना बाहेरच्या पैशातून कर्मचारी-प्रशिक्षण मिळाले आणि पैसा संपल्यावरही काही टिकून राहिले, अशी उदाहरणे कोणी जवळून पाहिली आहेत का? ती कशामुळे टिकली? आणि जिथे टिकली नाहीत तिथे नेमके कुठे चुकले?

केपकर

वैनगंगाकाठ, तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही म्हणून सविस्तर लिहितो. मी काही वर्षे कामानिमित्त केप टाऊनच्या बेलव्हिल भागात राहिलो आणि तिथल्या विद्यापीठीय वर्तुळात माझा वावर होता.

दक्षिण आफ्रिकेत ‘ऐतिहासिकदृष्ट्या वंचित संस्था’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदपत्रांत रूढ आहे, आणि त्यामागे १९५९चा कायदा आहे. त्या कायद्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद करून प्रत्येक वंशगटासाठी वेगळी महाविद्यालये काढली. टर्फलूप, झुलुलँड, मिश्रवंशीय ठरवलेल्यांसाठी बेलव्हिलचे वेस्टर्न केप आणि भारतीय वंशाच्या लोकांसाठी डर्बन ही त्यांतली. १९१६ साली स्थापन झालेले आणि मंडेला, टांबो यांच्यासारखे विद्यार्थी घडवलेले फोर्ट हेअरसुद्धा तेव्हा एका गटापुरते आक्रसवण्यात आले. या संस्थांनी शिक्षक आणि खालच्या फळीतले कारकून तयार करावेत, एवढीच राजवटीची अपेक्षा होती, त्यामुळे संशोधनाची साधने, ग्रंथालये आणि पीएचडी झालेले अध्यापक त्यांच्या वाट्याला आले नाहीत. १९९४ नंतर लोकशाही आली तरी ही तूट आपोआप भरून निघाली नाही. ती भरून काढण्यासाठी मग बाहेरचे देणगीदार आले. यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेने या संस्थांना अमेरिकेतील विद्यापीठांशी जोडणारा मोठा प्रकल्प चालवला, अमेरिकी प्रतिष्ठाने आली, आणि युरोपातून बेल्जियमच्या फ्लेमिश विद्यापीठांची परिषद आली.

या शेवटच्या सहकार्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तुमच्या मसुद्याला त्याचाच उपयोग होईल. फ्लेमिश परिषदेचा वेस्टर्न केप विद्यापीठाशी झालेला कार्यक्रम २००३ ते २०१३ असा दहा वर्षे चालला. त्या परिषदेची पद्धतच अशी की, ज्या विद्यापीठाशी सहकार्य करायचे त्याच्याशी दहा वर्षांचे नाते बांधायचे, विषय त्या विद्यापीठाने आपल्या गरजेनुसार मांडायचे आणि शेवटच्या वर्षांत रक्कम उतरती ठेवायची, म्हणजे घर एकदम अंधारात जाणार नाही. वेस्टर्न केपमध्ये पाणी, एचआयव्ही-एड्स असे विषय होते. दहा वर्षांत एक अध्यापक पीएचडी सुरू करतो, पूर्ण करतो, परत येऊन स्वतःचे दोन-तीन विद्यार्थी मार्गी लावतो, आणि त्यानंतरच विभागात काही रुजले असे म्हणता येते. तीन वर्षांच्या प्रकल्पात त्यातली पहिली पायरीसुद्धा धड चढून होत नाही.

पीएचडीची रचनाही पाहण्यासारखी असते. अध्यापकाला चार वर्षे परदेशी पाठवले तर तो तिथेच राहतो, हा अनुभव आफ्रिकेतल्या बहुतेक देशांनी घेतला आहे. म्हणून स्वीडनने मोझांबिकच्या एदुआर्दो मोंडलान विद्यापीठाशी १९७८पासून आणि युगांडाच्या मकरेरेशी २०००पासून जे सहकार्य केले त्यात आलटून-पालटून राहण्याची पद्धत ठेवली. काही महिने स्वीडनच्या प्रयोगशाळेत, मग घरी येऊन क्षेत्रकाम आणि अध्यापन, पुन्हा काही महिने तिकडे. कुटुंब तुटत नाही, विभागाशी संबंध राहतो आणि संशोधनाचा प्रश्न आपल्या मातीतलाच राहतो. यात एक अडचण मात्र मी स्वतः पाहिली. माणूस घरी परतला की विभागप्रमुख त्याच्या अंगावर सगळे तास टाकतात, आणि मग प्रबंधाचे काम फक्त परदेशातल्या महिन्यांतच होते.

या अडचणीवरचे चांगले उत्तर पुढे देणगीदारांकडून न येता दक्षिण आफ्रिकेच्या सरकारकडूनच आले. २०१५ साली त्यांच्या उच्चशिक्षण खात्याने ‘नव्या पिढीचे अध्यापक’ असा कार्यक्रम सुरू केला आणि पहिल्या टप्प्यात १२५ पदे दिली. तरुण उमेदवाराची नेमणूक पहिल्या दिवसापासून कायम पदावर होते. पहिली सहा वर्षे सरकार पैसे देते, सुरुवातीच्या वर्षांत शिकवण्याचा भार मुद्दाम कमी ठेवला जातो म्हणजे पीएचडी पूर्ण होईल, प्रत्येकाला एक मार्गदर्शक ज्येष्ठ अध्यापक नेमून दिला जातो, आणि सहा वर्षांनंतर ते पद विद्यापीठाने आपल्या वेतनपत्रकात घेतले पाहिजे, हे आधीच लिहून घेतलेले असते. तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाला माझे उत्तर यातच आहे. प्रशिक्षण ज्या पदाला चिकटलेले असते ते पद टिकले तर प्रशिक्षण टिकते.

देणगीदाराचा पैसा देणगीदाराच्या घरच्या हवेवर चालतो, हेही ध्यानात असू द्यावे. २०२१च्या मार्चमध्ये ब्रिटनने परदेशी मदतीला कात्री लावली तेव्हा त्यांच्या संशोधन संस्थेने आधीच मंजूर केलेल्या प्रकल्पांमध्ये १२ कोटी पौंडांची तूट असल्याचे कळवले होते, आणि २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा तर कित्येकांना हातातले काम तसेच खाली ठेवावे लागले. त्या विद्यापीठांच्या कामात काही उणे होते म्हणून हे घडले नाही.

टप्पा तीन

केपकरांनी लांबचे उदाहरण दिले. मी आपल्याच देशातले देतो, कारण मी त्याच्या पोटात तीन वर्षांहून अधिक काळ काढला आहे.

तांत्रिक शिक्षणाची गुणवत्ता सुधारण्यासाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला टेक्विप हा कार्यक्रम अनेकांना ठाऊक असेल. त्याचे पहिले दोन टप्पे देशभरातल्या संस्थांसाठी होते. तिसरा टप्पा २०१७ साली सुरू झाला तो मुख्यतः बिहार, झारखंड, राजस्थान, ओडिशा, ईशान्य भारत अशा मागे राहिलेल्या राज्यांसाठी. त्यासाठी जागतिक बँकेकडून घेतलेली २० कोटी १५ लाख डॉलर ही रक्कम कर्जाऊ होती, म्हणजे ती देशाने फेडायची आहे, हे अशा चर्चांमध्ये पुष्कळदा विसरले जाते. त्या राज्यांतल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत अध्यापकांची निम्मी पदेसुद्धा भरलेली नसत, म्हणून आयआयटी, एनआयटी यांसारख्या संस्थांतून शिकलेल्या तरुणांना तीन वर्षांच्या कराराने तिथे नेमायचे ठरले. २०१८च्या जानेवारीत तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी ही घोषणा केली तेव्हा बाराशेहून अधिक जण ५३ महाविद्यालयांत जाणार होते, आणि पुढे आमची संख्या दीड हजाराच्या घरात गेली. वेतन महिना सत्तर हजार होते. मी पुण्याजवळचा, पीएचडी नुकतीच झालेली, आणि मला हे मनापासून करावेसे वाटले म्हणून गेलो.

ज्या महाविद्यालयात गेलो त्याचे नाव घेत नाही. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत आधीच्या अनुदानातून आलेले ऑसिलोस्कोप होते, आणि त्यांतल्या सहांच्या पडद्यावरची कारखान्यातली पातळ प्लास्टिकची पट्टीसुद्धा निघालेली नव्हती. ३१ मार्चच्या आत खरेदी उरकायची म्हणून ते आणले गेले होते आणि लावून दाखवणारे कोणी नव्हते म्हणून ते तसेच राहिले. आम्ही चौघांनी ते लावले, प्रयोगांची पुस्तिका साध्या हिंदीत लिहिली, दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा एक गट तयार केला जो पहिल्या वर्षाला शिकवायचा. गेट परीक्षेचे वर्ग संध्याकाळी घेतले. हे मी मोठेपणा मिरवायला लिहीत नाही. योग्य माणूस योग्य जागी बसवला की किती लवकर फरक पडतो, ते कळावे म्हणून लिहितो आहे. त्या प्रशिक्षणात कमतरता होती ती आमच्याकडून पुढे कोणाकडे द्यायचे याची. विभागात कायम अध्यापक एकच होते, ते निवृत्तीला आलेले, आणि प्रयोगशाळा सहायकाचे पद रिकामे. शिकवायचे तर कोणाला शिकवायचे?

केंद्राने राज्यांशी केलेल्या करारात चांगले काम करणाऱ्या अध्यापकांना प्रकल्पानंतरही ठेवण्याची योजना राज्यांनी करावी, अशी अपेक्षा नोंदवलेली होती. अपेक्षा नोंदवणे आणि पद मंजूर करणे यांत किती अंतर आहे ते आम्हाला शेवटच्या वर्षी कळले. प्रकल्पाला मुदतवाढ मिळत मिळत ३० सप्टेंबर २०२१ ही तारीख आली आणि आमच्यातल्या बहुतेकांचा करार त्या दिवशी संपला. मी सहायक नसलेल्या त्या प्रयोगशाळेची किल्ली, तिला बांधलेल्या पुठ्ठ्यावर कोणते कपाट कशाचे ते लिहून, कार्यालयातल्या लिपिकाकडे दिली. पुढच्या सत्रात प्रयोग कागदावरच झाल्याचे माझ्या विद्यार्थ्यांनी कळवले. त्या मुलींपैकी एक आता स्वतः अध्यापक व्हायचे म्हणते आहे, याचा मला आनंद आहे. पण ते तिच्या जिद्दीचे फळ आहे.

आता २०२५च्या ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने मेरीट नावाची नवी योजना मंजूर केली आहे. ४,२०० कोटी रुपयांची, २७५ संस्थांसाठी, आणि तिच्यातही निम्मी रक्कम, २,१०० कोटी, जागतिक बँकेचे कर्ज आहे. त्यात काम करणाऱ्यांनी तिसऱ्या टप्प्याचा शेवट आधी वाचावा, असे मला फार वाटते.

वैनगंगाकाठ मॅडम, तुम्ही मसुद्यात बाकी काहीही लिहा, पण प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या नावापुढे ‘हा परतल्यावर ज्याला शिकवणार ती व्यक्ती’ असा एक रकाना घाला. तो भरता आला नाही तर ते प्रशिक्षण तूर्त थांबवलेले बरे.

जमाखर्च

मी एका विद्यापीठाच्या वित्त विभागातून निवृत्त झालो आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत होऊन पैशाच्या बाजूने काही सांगतो, कारण अशा प्रस्तावांमध्ये चांगला हेतू शेवटी लेखाशीर्षापाशी अडतो.

पहिली गोष्ट तीन वर्षांच्या मुदतीची. ही मुदत तुमच्या देणगीदारांनी लहरीने ठेवलेली नसावी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील नियमांत २०२१च्या जानेवारीत जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार ‘चालू प्रकल्प’ हा सुरू झालेले आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे चालू शकतो, आणि त्या वर्षीची न खर्चलेली रक्कम कंपनीला वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे लागतात. म्हणजे तुमच्या अध्यापकाची पीएचडी या चौकटीत धरली तर ती अर्ध्यावर असतानाच पैसा थांबण्याची शक्यता अधिक. यावर तोडगा असा की, प्रकल्प एप्रिलमध्ये सुरू करावा, म्हणजे सुरुवातीचे वर्ष पूर्ण हातात येऊन एकूण जवळजवळ चार वर्षे मिळतात, आणि ज्यांची नोंदणी झाली आहे, अभ्यासक्रमही संपला आहे पण कार्यभारामुळे प्रबंध रखडला आहे, अशांना प्रथम घ्यावे. असे लोक प्रत्येक विद्यापीठात असतात आणि त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

दुसरी गोष्ट बदली अध्यापकाची. तुमच्या पिढीला कदाचित आठवत नसेल, पण आयोगाची एफआयपी म्हणून, म्हणजे अध्यापकांच्या गुणवत्तावाढीची, योजना होती. ‘सर एफआयपीवर गेले आहेत’ हे वाक्य आमच्या वेळी प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येई. तिचे मोठेपण असे होते की, पीएचडीसाठी रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी जो बदली शिक्षक नेमायचा त्याचा पगारही आयोग देत असे. त्यामुळे प्राचार्य ना हरकत द्यायला कचरत नसत आणि मुलांचे तास बुडत नसत. तुमच्या प्रस्तावात सर्वांत मोठे लेखाशीर्ष हेच असावे, असे मी आग्रहाने सांगेन. कार्यशाळेच्या तज्ज्ञांचे मानधन, प्रवास, निवास आणि भोजन यांवर जे जाते त्यातून एका बदली अध्यापकाचे वर्ष सहज निघते. देणगीदार सुरुवातीला नाखूश होतील, कारण बदली अध्यापकाचे छायाचित्र अहवालात छापता येत नाही, पण त्यांना एसटीच्या थांब्यावर बसून राहणाऱ्या त्या मुलांची गोष्ट सांगा. ती तुम्ही इथे लिहिली तशीच सांगा.

तिसरी गोष्ट, विद्यापीठाचा हिस्सा ठरावात लिहून घ्या. पहिल्या वर्षी देणगीदाराने पूर्ण रक्कम द्यावी, नंतर दरवर्षी काही टक्के विद्यापीठाच्या स्वनिधीतून यावेत, आणि त्यासाठी वित्त व लेखा समितीची शिफारस व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाला जोडलेली असावी. कुलगुरू बदलतात, कुलसचिव बदलतात. ठराव बदलायला मात्र पुन्हा बैठक घ्यावी लागते.

ग्रंथपाल

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. इथे सगळी चर्चा अध्यापकांभोवती चालली आहे. वैनगंगाकाठ यांच्या पहिल्या परिच्छेदात ‘अध्यापक आणि कर्मचारी’ असे आहे, पण दुसरा शब्द पुढे कोणी उचलला नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात तेवीस वर्षे ग्रंथपाल आहे. माझ्यासमोर कित्येक अध्यापक आले, शिकले, पात्र झाले आणि मोठ्या शहरात गेले. त्यांना मी दोष देत नाही, आणि प्रशिक्षणाच्या बदल्यात बंधपत्र लिहून घेऊन त्यांना इथे अडकवावे, हेही मला पटत नाही, कारण अनिच्छेने थांबलेला माणूस वर्गात दिसतो. जे थांबतात ते इथलेच असतात. लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय सहायक, परीक्षा विभागातली माणसे. त्यांची घरे इथे आहेत, शेती इथे आहे, आणि निवृत्त होईपर्यंत ती इथेच राहणार आहेत. टप्पा तीन यांनी किल्ली ज्या लिपिकाकडे दिली त्याला त्या तीन वर्षांत कोणी एक दिवस तरी प्रयोगशाळेत बोलावले होते का, असा प्रश्न मनात आला. हा आरोप नव्हे, त्यांच्या हातात ते नव्हते हे मी जाणते.

एक उदाहरण देते. २०२५च्या जानेवारीपासून केंद्राची ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजना लागू झाली. सहा हजार कोटी रुपये तीन वर्षांत, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, आणि सहा हजारांहून अधिक सरकारी संस्थांना ती खुली. म्हणजे जे वाचण्यासाठी माझ्या ओळखीचे अध्यापक पूर्वी नागपूर-मुंबईच्या मित्राला निरोप धाडत ते आता सरकारी विद्यापीठात बसून मिळते. पण त्यासाठी संस्थेची नोंदणी करायची, संगणकांचे पत्ते कळवायचे, घरून वाचायचे तर प्रवेश कसा मिळतो ते समजून घ्यायचे आणि मग प्रत्येक विभागात जाऊन शांतपणे दाखवायचे, हे काम कोणीतरी करावे लागते. एका शेजारच्या संस्थेत हे काम ग्रंथालय सहायक असलेल्या मुलीने केले. ती फक्त पदवीधर आहे. तिला गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या केंद्राचे, प्रशिक्षण मिळाले होते, आणि तिने मराठीत दोन पानांची टाचणे करून प्रत्येक संगणकाच्या बाजूला चिकटवली. आज तिथले संशोधक विद्यार्थी आधी तिच्याकडे जातात. तिच्या प्रशिक्षणाला कितीसा खर्च आला असेल? शहरातून आलेल्या एका व्याख्यात्याच्या विमानभाड्याहून कमीच.

तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलेत ते मात्र अगदी बरोबर आहे. त्यांचा रकाना घालाच. ते वर्षातले काही महिने आमच्याबरोबर असतात, आणि सर्वांत जास्त प्रश्न घेऊन ग्रंथालयात तेच येतात.

टप्पा तीन

ग्रंथपाल ताई, नाही, बोलावले नव्हते. तो लिपिक बारावीपर्यंत विज्ञान शिकलेला होता आणि दोन-तीनदा स्वतःहून दारापाशी येऊन उभा राहिला होता, हे तुम्ही लिहिल्यावर आठवले. ते आमच्या हातात नव्हते, असे म्हणता येणार नाही. ते सहज करता आले असते.

केपकर

ग्रंथपालांच्या मुद्द्याला दुजोरा देतो. वेस्टर्न केपच्या त्या दहा वर्षांच्या कार्यक्रमाबद्दल तिथली जुनी माणसे बोलत तेव्हा प्राध्यापकांच्या जोडीने त्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या व्यवस्थेवर आणि संशोधन-कार्यालयावर झालेल्या कामाचा उल्लेख नेहमी करत. अनुदानाचा अर्ज कसा लिहायचा, हिशेब कसा द्यायचा, पीएचडीच्या विद्यार्थ्याची नोंद कशी ठेवायची, हे जाणणारी माणसे कार्यालयात तयार झाली की पुढचा देणगीदार येतो तेव्हा विद्यापीठ त्याच्याशी बरोबरीने बोलू शकते, नमुना त्याच्याकडून येण्याची वाट पाहावी लागत नाही.

बंधपत्राबाबत मी जरा वेगळ्या मताचा आहे. सार्वजनिक पैशातून रजा आणि वेतन दोन्ही मिळाले असेल तर परतून तीनेक वर्षे शिकवण्याची हमी मागण्यात अन्याय नाही. पण ती हमी दोन्ही बाजूंची असावी. परतणाऱ्याला त्याचा विषय शिकवायला मिळेल आणि बसायला जागा मिळेल, हे विद्यापीठानेही लिहून द्यावे.

वैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीच्या बैठकीत हे सगळे वाचून दाखवले आणि मसुद्याची रचना आम्ही पुष्कळ बदलली.

कार्यशाळा बारावरून चारवर आणल्या आहेत. त्यातून वाचणाऱ्या रकमेत तीन बदली अध्यापकांचे पूर्ण वर्षाचे वेतन बसते. प्रबंध रखडलेले सात जण आमच्याकडे निघाले. त्यांची यादी करायला कुलसचिव कार्यालयाला दोन दिवस लागले, कारण अशी यादी यापूर्वी कोणी मागितलीच नव्हती. त्यातले तिघे पहिल्या वर्षी रजेवर जातील, आणि त्यांच्या जागी बदली म्हणून आमच्याच तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना प्राधान्य द्यावे, म्हणजे त्यांना वर्षभर सलग वेतन मिळेल, अशी सूचना एका सदस्याने केली. बिंदुनामावलीच्या, म्हणजे आरक्षणाच्या क्रमाच्या, दृष्टीने त्यात काही अडचण येते का ते तपासत आहोत. परिचर, लिपिक आणि ग्रंथालय सहायक मिळून अठरा जणांसाठी वेगळा भाग केला आहे, आणि ‘परतल्यावर ज्याला शिकवणार’ हा रकाना दोन्ही भागांत आहे. आज मी माझे स्वतःचे नाव लिहून तो भरायला बसले तेव्हा पहिल्यांदा काही सुचले नाही. मग भूगोल विभागातल्या एका तासिका सहकाऱ्याचे नाव लिहिले आणि त्यांना दूरध्वनी करून विचारले. ते हो म्हणाले.

रिक्त पदांचा प्रश्न यातून सुटणार नाही, हे मला माहीत आहे. तो शासनाकडे आहे. व्यवस्थापन परिषदेच्या ठरावात मंजूर चारांपैकी रिक्त असलेली दोन पदे भरण्याची मागणी प्रकल्पाच्या अटीसोबत जोडता येईल का, याबद्दल अध्यक्षांशी बोलणार आहे. देणगीदारांच्या प्रतिनिधींना बदली अध्यापकाचे लेखाशीर्ष अजून सांगितलेले नाही. ती भेट पुढच्या मंगळवारी आहे.

जमाखर्च काका, एफआयपीच्या काळातला बदली शिक्षकाच्या नेमणुकीचा आदेश किंवा मंजुरीपत्राचा नमुना आपल्याकडे असेल तर कृपया कळवाल का? लेखाशीर्षाचे नाव काय ठेवावे, यावर आमच्या वित्त अधिकाऱ्यांचे अडले आहे.

जमाखर्च

आहे. जुन्या फाइलीत दोन आदेशांच्या प्रती सापडल्या. एकावरची शाई पुसट झाली आहे, पण लेखाशीर्ष वाचता येते. व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.